सगळीकडे चालेल असा विषय

सईचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी गॅलरीत वाळलेल्या चादरी काढत होते. चादरींना उन्हाचा कोरडा, किंचित करपलेला वास होता. तो नाकात असतानाच कानात तिचा आवाज आला, "आत्या, पप्पा गेले." मागे कुणीतरी हिंदीत रुग्णवाहिकेची चौकशी करत होतं. मग पुन्हा तिचाच आवाज आला, लहान मुलीनं दप्तर हरवल्याची कबुली द्यावी तसा. "आणि मी फॉर्म नाही भरला अजून..." माझा धाकटा भाऊ श्रीधर गेला, ही बातमी या दोन वाक्यांनी मिळून माझ्यापर्यंत आली. आज पाच आठवडे होऊन गेले, तरी मला ती वाक्यं वेगळी करता येत नाहीत.

श्रीधर जयपूरला वकिली करत होता. वय त्रेपन्न. स्वादुपिंडाच्या दुखण्यानं तीन महिन्यांत त्याला नेलं. सई त्याची एकुलती मुलगी, तिथंच कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला पोचलेली. पुढच्या दोन वर्षांसाठी तिला ऐच्छिक विषयांचा एक गट निवडायचा होता. एका बाजूला कंपनी, कर आणि लवाद, तर दुसऱ्या बाजूला जमीन, महसूल आणि कुळकायदा. पहिला गट घेतला तर सनदेच्या परीक्षेचा बराचसा अभ्यास आपोआप होतो आणि मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांची दारं उघडतात, असं तिचे शिक्षक सांगत. दुसरा गट म्हणजे तिच्या वडिलांचं रोजचं काम. यातलं कोणतं, एवढा एक शब्द तिला वडिलांकडून हवा होता. तो मिळायच्या आत ते गेले होते आणि फॉर्मची मुदत दहा दिवसांवर आली होती.

असल्या फॉर्मशी माझं जुनं नातं आहे. ते सांगायचं तर आमच्या घरातल्या भिंतींपासून सुरुवात करायला हवी. आमचे वडील, नाना, विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे अमरावतीचे. बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि श्रीधर आठ. नानांचा एक दंडक होता, की बदलीच्या माणसानं भिंतीला खिळा मारू नये. त्यामुळे आमचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं असे, आरसा टेबलावर भिंतीला टेकवलेला, आणि आजोबांचा फोटो वर्षानुवर्षं कपाटावर आडवा. वाळूची वावटळ आली की कॅलेंडराची पानं फडफडत आणि श्रीधर म्हणे, "नाना, अमरावतीचं तिकीट काढा, महिने उडून चालले!" नाना हसत आणि म्हणत, "पुढच्या वर्षी." ती पुढची वर्षं किती झाली, हे आम्ही मोजणं सोडून दिलं. पण घराची मांडणी मात्र उद्या सामान बांधायचं असल्यासारखीच राहिली.

श्रीधर कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आला तेव्हा त्यालाही एक ऐच्छिक विषय घ्यायचा होता. त्या काळी सनदेसाठी परीक्षा नव्हती. पदवी मिळाली की नोंदणी व्हायची. तेव्हा सगळा विचार पुढच्या वकिलीचाच. त्याला राजस्थानातल्या शेतजमिनीचा कायदा शिकायचा होता. एका मित्राच्या गावी जाऊन तो तलाठ्यासारखं काम करणाऱ्या पटवाऱ्याच्या कापडी नकाशावर तासभर ओणवा होऊन आला होता. त्या कापडाला एरंडेलासारखा वास येतो, हे मला सांगताना त्याचे डोळे चमकत होते. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इथल्या जमिनीचा कायदा इथंच ठेवून जावा लागेल, श्री. सगळीकडे चालेल असा विषय घे. विमा घे." फॉर्म भरायला मला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि श्रीधर खाडाखोड फार करायचा. नाना माझ्या मागे उभे. श्रीधर पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो बुटाकडेच बघत म्हणाला, "ताई, खूण नीट कर. चौकटीच्या बाहेर गेली तर मी डॉक्टर व्हायचो." आम्ही सगळे हसलो. मी विम्यापुढे खूण केली. मी तेव्हा पीएच. डी. करत होते, कवितेतला एक शब्द हलवला तर अख्खी ओळ कशी कोसळते यावर पानंच्या पानं लिहीत होते... आणि भावाच्या आयुष्यातला शब्द मी इतक्या सहज हलवला.

आम्ही परत गेलो नाही. मी तेवढी लग्न करून नाशिकला आले. नाना जयपूरलाच निवृत्त झाले आणि तिथंच वारले. श्रीधरनं झोटवाड्यात घर बांधलं, पुढच्या खोलीत कचेरी थाटली, आणि त्याच्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस जमिनीचा वाद घेऊन येऊ लागला. शहर वाढत होतं, बांधावरून रस्ते जात होते, चुलतभाऊ चुलतभावांना ओळखेनासे झाले होते. विम्याचा दावा वर्षातून एखादा. जो विषय घेऊ दिला नाही तो त्याला त्याच्या वृद्ध मुन्शीनं, गोपालजींनी, चहाच्या कपांवर शिकवला. श्रीधर त्यांची नक्कल फार सुरेख करायचा. "साहब, खसरा ज़मीन का नंबर है, खाता आदमी का। दोनों को मिला दोगे तो भाई-भाई लड़ मरेंगे, और फीस कोई नहीं देगा।" दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि फोनवर एक शब्द यायचा. "ताई, आजचा माल ऐक. गैरमुमकिन. ज्या जमिनीत पीक येऊच शकत नाही, तिला सरकारी कागदात गैरमुमकिन म्हणतात. घाल कवितेत." मी तो शब्द दिवसभर जिभेवर घोळवायचे. मला वाटायचं, मी त्याची वाट अडवली, पण तो वळसा घालून आपल्या शेतात पोचला. ही माझी समजूत होती. मी तिच्यावर बरीच वर्षं निर्धास्त झोपले.

सई मोठी झाली तशी त्या रविवारच्या फोनमध्ये तीही डोकावू लागली. तिचं मराठी हिंदीच्या कुशीतून येतं. फौजदारी कायदे नवे आले आणि कलमांचे आकडे बदलले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला श्रीधर आणि ती एकाच टेबलावर बसून पाढ्यांसारखे नवे आकडे पाठ करत. तो हरायचा. "आत्या, पप्पा अजून चारसौबीसच म्हणतात. मतलब ते आता तीनशे अठरा आहे ना!" मागून श्रीधर ओरडायचा, "मग माणसाला शिवी काय द्यायची? ए तीनशे अठरा? शोभतं का ते?" त्या हसण्याच्या आवाजाला भाजलेल्या जिऱ्यासारखा खमंगपणा होता. फोन ठेवल्यावरही तो घरात रेंगाळायचा.

शेवटची भेट झाली ती त्याच्या मृत्यूच्या तीन आठवडे आधी, दवाखान्यात. पडद्यातून येणारं ऊन त्याच्या हातावर पडलं होतं आणि हात इतका पातळ झाला होता, की ऊन आरपार जाईल असं वाटलं. त्याची बायको, वृंदा, औषधं आणायला खाली गेली होती. सईनं फोनवर फॉर्म उघडला आणि विचारलं, "पप्पा, सांगा ना. एक्झामला जे येतं ते घेऊ, की तुमचंवालं?" त्यानं डोळे उघडले. थांबत थांबत म्हणाला, "परीक्षेला येतं ते परीक्षेपुरतं कुणीही वाचतो. विषय असा घे, की त्या विषयाचा माणूस समोर येऊन बसला, तर त्याचं रडगाणं चौथ्यांदा ऐकताना तुला कंटाळा येणार नाही." सई म्हणाली, "पण मग नोकरी?" तो म्हणाला, "नोकरीचं म्हणशील तर..." आणि थांबला. आम्ही वाट पाहिली. सलाईनचे थेंब पडत होते. त्याला झोप लागली होती. संध्याकाळी जाग आली तेव्हा वेदना एवढी होती, की त्या वाक्याची आठवण द्यायची आमची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी होती. मी म्हणाले, "येते रे." तो म्हणाला, "ये." एवढंच.

मी पुन्हा जयपूरला पोचले ती दिवस करायला. घर माणसांनी भरलेलं. झोटवाड्यातले शेजारी, सांगानेरकडचे पक्षकार, गावांतून आलेली, पायांत मोजडी आणि डोक्याला साफा असलेली माणसं. ती कचेरीच्या खोलीत शिरून रिकाम्या खुर्चीला हात जोडत आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसत. फॉर्मचा शेवटचा दिवस याच दिवसांत होता. त्या दुपारी सई मला आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लोटलं आणि फोन माझ्यापुढे धरला. पाचला ऑनलाइन फॉर्म बंद होणार होता. साडेचार वाजून गेले होते. "आत्या, तू पप्पांना सगळ्यात जास्त ओळखतेस. 'नोकरीचं म्हणशील तर', याच्या पुढे ते काय बोलले असते?"

मला ते वाक्य पुरं करता आलं असतं. तीस वर्षं मी वर्गात मुलांना कवितेच्या ओळी पुऱ्या करायला शिकवलं आहे. श्रीधरची लय मला पाठ होती, त्याचा तिरकस विनोदही. तो कुठे श्वास घेतो तेही मला माहीत होतं. मी बोलले असते तर सईनं त्यावर विश्वास ठेवला असता आणि ते वाक्य जन्मभर वडिलांचं म्हणून सांभाळलं असतं. ओठांवर 'जमीन घे' आलं होतं. माझ्या हातून एकदा जे हिरावलं गेलं, ते त्याच्या लेकीच्या हाती परत ठेवायची केवढी मोठी संधी होती... आणि त्याच क्षणी मला कळलं, की या वेळी नानांच्या जागी, तिच्या मागे, मी उभी आहे. मी म्हणाले, "मला नाही माहीत, बेटा."

ती चिडली. "सगळे हेच म्हणतात! तुझं तू बघ, तुझं तू बघ. मम्मी पण, सर पण. मला कुणी चुकीचं सांगितलं तरी चालेल, पण सांगा तरी कुणी!" तिचा आवाज चिरकला. बाहेर ओट्यावरचं बोलणं थांबलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तो तिनं झटकला. पाचाला दहा मिनिटं असताना तिनं माझ्याकडे पाठ केली, अंगठ्यानं फोनवर काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "कंपनीवालं घेतलं." थोड्या वेळानं तीच, हळू आवाजात... "मला तहसीलची भीती वाटते, आत्या. पप्पा तिथून आले की जेवायचे नाहीत. मम्मी ताट झाकून ठेवायची. ते म्हणायचे, आज पुन्हा हरलो, त्या म्हातारीची जमीन गेली. मतलब, रोज नाही... पण खूप वेळा."

रविवारच्या फोनवर यातलं काही कधी आलं नव्हतं. मला शब्द मिळाले होते, झाकलेली ताटं वृंदाला आणि सईला मिळाली होती. माझ्या ज्या खुणेचं मी इतकी वर्षं मनात दुःख केलं, तिनं श्रीधरची वाट चुकवली की त्याला काही काळ तरी तहसीलपासून वाचवलं, हे सांगणारा माणूस आता नाही. सईनं बरोबर निवडलं की भीतीपोटी निवडलं, हेही मला सांगता येत नाही. वृंदाला विचारलं, तर ती म्हणाली, "वन्सं, मला त्यातलं काय कळतं? पोरगी जेवली, एवढं पुरे आज."

माझ्या निघण्याच्या आदल्या सकाळी मी कचेरीच्या खोलीत गेले. सई श्रीधरच्या टेबलाशी बसली होती. समोर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दोन प्रती. एक कोरी करकरीत, तिनं कालच आणलेली. सनदेच्या परीक्षेत कायद्याचं पुस्तक जवळ ठेवता येतं, पण त्यावर हातानं लिहिलेलं एक अक्षरही चालत नाही, म्हणून वडिलांची प्रत तिला कधीच आत नेता येणार नाही. ती दुसरी प्रत शिवण उसवलेली, कडा चहाच्या रंगाच्या झालेल्या, आणि समासांत श्रीधरचं बारीक, शिसपेन्सिलीचं अक्षर. मला वाटलं होतं, निवाड्यांचे संदर्भ असतील. वाकून पाहिलं तर माणसं होती. एका कलमाशी 'सुगनीबाई, विहीर'. दुसऱ्याशी 'रामसहाय, तीन तारखा आला नाही, आजारी?' आणखी एका नियमाशी नुसतं 'इथं मी चुकलो'. सई नव्या प्रतीत कलम वाचत होती आणि मग जुनी प्रत त्याच पानावर उघडून तिथं कोण बसलंय ते बघत होती. नाव सापडलं की त्यावरून तर्जनी फिरवत होती, वाचायला नव्यानं शिकलेलं मूल फिरवतं तशी. खोलीत जुन्या कागदाचा गोडसर वास होता. तिनं पान उलटलं तेव्हा मला तिचं बोट दिसलं. टोकाला राखाडी, चकचकीत डाग लागला होता. पेन्सिलीचं अक्षर तिच्या बोटाला लागून येत होतं, प्रत्येक वाचनाला थोडंथोडं. 'नको फिरवूस बोट', हे माझ्या तोंडापर्यंत आलं... मी तिथंच उभी राहिले. तिनं पुढचं पान उघडलं.