दम देणारे डॉक्टर

बातमी आली तेव्हा मी बाटल्या धूत होते. हे बडनेरा स्टेशनात सांधेवाले, गाड्यांचे रूळ बदलणारे. ड्यूटी सोडून मधेच घरी आले, दारातच थांबले आणि म्हणाले, डॉक्टर धांडे गेले. अकोल्याहून आलेल्या गाडीत कुणी तरी सांगितलं, राहत्या घरी, छातीत कळ येऊन. मी बाटल्या भरल्या, नळी तोंडात धरली आणि फुंकत राहिले. पाणी हलेना... त्याला आता कितीतरी आठवडे झाले, पण जीव एका जागी बसत नाही. चौथीतून शाळा सुटलेली मी, पेपरच्या पुरवणीत काय लिहिणार? पण डॉक्टरांबद्दल जे छापून आलं त्यात त्यांच्या पदव्या होत्या, शस्त्रक्रिया होत्या. बाटल्या नव्हत्या. म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन राजापूरकडून इथे आले तेव्हा वऱ्हाडातलं साधं बोलणंही मला भांडणासारखं वाटे. त्यातच खोकल्यातून रक्त पडू लागलं. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि यांना सांगितलं की डावं फुप्फुस पार गेलंय, काढावंच लागेल. मग माझ्याकडे वळून बोट रोखून म्हणाले, "चिंता नका करू बाई. मी दम देतो तुमाले." आमच्याकडे दम पोलीस देतो, नाही तर सावकार देतो. माहेरचं माणूस जवळ नाही, हे चहा आणायला गेलेले. मी बोचकं उचललं आणि मागच्या दाराने निघाले. फाटकाशी कडुलिंब होता, तिथेच धाप लागून खाली बसले. थोड्या वेळाने समोर डॉक्टर उभे. "काहून पळून राहिल्या?" मी रडत सांगितलं, तुम्हीच दम देणार म्हणालात. ते इतके हसले की लिंबाखालचे पेशंटही हसू लागले. "अवो, आमच्या घरी नांगराचं एक तास संपलं का बैलाले दम देतात. घडीभर उभं ठेवतात, श्वास घेऊ देतात. तोच म्हनलो मी." बाळापूरकडच्या काळ्या मातीतलं त्यांचं घर. मुंबईत शिकून, तिथली नोकरी सोडून परत आले होते, कारण सरकी काढायच्या जिनांतल्या कापसाच्या धुळीत खोकणारी माणसं मुंबईपर्यंत पोचतच नाहीत असं ते म्हणत.

ऑपरेशननंतर त्यांनी माझ्या उशाशी दोन काचेच्या बाटल्या ठेवल्या. रबरी नळ्यांनी जोडलेल्या. एकीत फुंकायचं, पाणी दुसरीत ढकलायचं, म्हणजे उरलेलं फुप्फुस फुलतं. रोज येताना लांबूनच विचारायचे, "पानी हाल्लं का?" मी म्हणायची, "हललं." ते माझ्या तोंडची तीच चाल करून वॉर्डभर 'हललं, हललं' म्हणत फिरायचे. बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नाही.

मी घरी आले तरी त्यांचं विचारणं सुटलं नाही. त्यांच्या शस्त्रक्रिया अमरावतीत, आणि फुप्फुस बदलायचे प्रयोग अकोल्याला घरामागच्या शेडमध्ये, कुत्र्यांवर. ये-जा करताना बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे, तेवढ्या वेळात आमच्या क्वार्टरच्या दारात हजर. उभ्यानेच चहा. लोक त्यांना कुत्र्यांचा डॉक्टर म्हणत. ते म्हणायचे, कुत्रे फी देत नाईत, पण टोमणे बी देत नाईत. एखादं कुत्रं दगावलं असलं की मात्र चहा तसाच राही आणि ते अंगणात येरझारा घालत. कुत्र्याचं स्वतःचं फुप्फुस काढून त्यालाच परत बसवलं तर ते जगे. दुसऱ्याचं बसवलं की थोड्या दिवसांत जाई. हे का, एवढ्या एकाच प्रश्नाने त्या माणसाला उभं ठेवलं होतं.

मग माझ्या उजव्या बाजूलाही डाग दिसला. त्याच सुमारास परदेशात एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचं फुप्फुस बसवल्याचं त्यांच्याकडूनच कळलं होतं. मी हात जोडले. मला बसवा म्हटलं, मेले तरी बोल लावणार नाही.

"त्या माणसाचं पुढं काय झालं, ते नाई इचारलं तुमी," ते म्हणाले. "गेला तो. बाई, फुप्फुस बसते, शिवण बी धरते. पण अंग त्याले आपलं म्हनत नाई. परकं म्हनून हाकलते."

"मीही परकीच आले होते," मी म्हटलं. "मला ठेवून घेतलंत की."

ते फिरता फिरता थांबले. "तुमाले वेळ भेटला. अंगाले तसा दम देता आला पायजे, रुळू द्याले. तेच शोधून राहिलो. सापडलं का पयले तुमच्याकडंच येईन. तवरक तुमच्यावर प्रयोग नाई करत." आणि गोळ्या, इंजेक्शनं लिहून देऊन गाडी गाठायला पळाले.

त्यांना ते सापडलं नाही. शेड आता बंद आहे म्हणतात. माझा डाग थांबलाय की नाही, हे पुढच्या फोटोत कळेल. तो उजेडात धरायला दुसरे कुणी डॉक्टर असतील, चांगलेच असतील. काल संध्याकाळी अमरावतीची गाडी लागली तशी मी सवयीने आधण ठेवलं आणि बाटल्या घेऊन उंबऱ्यात बसले. फुंकलं. पाणी जागचं हललं नाही. घडीभर थांबले, बैलाला थांबवतात तशी. पुन्हा फुंकलं. बुडबुडे आले आणि पाणी नळीतून हळूहळू पलीकडे चढू लागलं. फलाटावरची माणसं अकोल्याच्या गाडीकडे वळली. आमच्या दाराकडे कुणी आलं नाही.

"हाल्लं, डॉक्टर," मी म्हटलं.