साताचा वाटा

“काका, मोडेमच्या बुडात हळद-कुंकू भरून नेट येत आसतंय का हो कुटं?”

“भरलं न्हाई, लावलं. दसऱ्याला समद्या हत्यारांची पूजा आसती.”

“मग वरून लावायचं ना! हितं वायरीच्या पेचात गेलंय. हे बगा, गोळा निघायलाय. वरून तेलाचा हात बी लावलाय. आता दिवाळी तोंडावर आली, धा-पंदरा दिवस हे मोडेम कुंकू खायलंय. माधवीबाई, वाचा बरं आता, किती दाखवायलंय?”

“मायनस अकरा. मघाशी तेरा होतं, ताई.”

“म्हंजी दोन देवानं खाल्ले. बाकीचे कुनी खाल्ले ते बगू.”

शिवकन्यानं फडक्याला हात पुसले आणि कमरेचा पाना काढला. दिनकरराव खुर्चीवरून तिच्याकडं बघत होते. रेल्वेत तिकीट तपासायची नोकरी त्यांनी बत्तीस वर्षं केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोरचा माणूस विनातिकीटच आहे अशा नजरेनं ते अजून बघतात. घरात त्यांची सून माधवी. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम पूर्णेत बसून, लॅपटॉपवर करते. नेट दर दहा मिनिटाला मरतं आणि पुण्याच्या साहेबाला वाटतं पोरगी स्वयंपाकाला पळते.

“दोन वाजता तो फायबरवाला यायलाय,” दिनकरराव म्हणाले. “नव्या लाईनीच्या फॉर्मावर मी सही करनार म्हंजी करनार. महिना झाला तुजा नवरा फोनवर एकच मंत्र सांगायलाय, बंद करून चालू करा. मी मोडेम इतक्या वेळा बंद-चालू केलंय, की खटक्यालाच घट्टे पडले.”

साडेबारा झाले होते. शिवकन्याला ठाऊक होतं, दिनकररावांची सही म्हणजे एका घराची सही नव्हे. त्यांनी लोखंडी गेट बसवलं, वर्षात गल्लीभर गेटं झाली. त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन केलं, तर चार म्हाताऱ्यांचे गुडघे अचानक दुखायला लागले. ते गेले की गल्लीतली एकतीस घरं मागोमाग जाणार. स्टेशनाकडच्या दोन गल्ल्या फायबरवाल्यानं आधीच नेल्या होत्या. ही गेली तर शिवकन्याकडं राहायचं काय, तर शिडी.

शिडी मात्र तिची स्वतःची. खरं म्हणजे केबलचा धंदा नवऱ्याचा; आधी नुसता टीव्ही, आता त्याच वायरीतून नेटही. नाव महारुद्र, आणि स्टुलावर चढला तरी भिंत धरतो. धंदा सुरू केला तेव्हा खांबावर चढायला त्याचा एक दोस्त होता. तो पुण्याला कंपनीत लागला, आणि त्याच महिन्यात वावटळीनं वायर तुटून पडली. महारुद्र खांबाखाली उभा राहून वर बघत राहिला. शिवकन्याचं माहेर पिंगळीचं, बाप शेरडं-मेंढरं राखायचा. शेरडांना पाला पाडायला ती सहाव्या वर्षापासून बाभळीवर चढायची. काट्यांच्या मानानं खांब तिला गादीसारखा वाटला. तिनं पदर खोचला, साडीवर नवऱ्याचा लांब हाताचा शर्ट चढवला आणि वर गेली.

सासू खालून ओरडली, “आगं, सून खांबावर आन लेक शिडी धरून खाली! लोक काय म्हनतील?”

“मालिका चालू झाली की लोक काई म्हनत न्हाईत, आत्याबाई.”

तेव्हापासून अठरा वर्षं झाली. महारुद्र फोन उचलतो, शिवकन्या खांब चढते. संसार दोघं मिळून करतात म्हणतात, तो असा.

तर सिग्नलचं. मोडेमच्या पोटात एक पान असतं. लॅपटॉपवर उघडलं की सिग्नल किती जोरात येतोय त्याचा आकडा दिसतो. शून्याच्या आसपास असला तर गडी ठणठणीत. मायनस आठपर्यंत कण्हत कुथत काम करतो. दहाच्या खाली गेला की कधी बेशुद्ध पडेल ते सांगता येत नाही. शिवकन्याला हे कुणी शाळेत शिकवलं नाही. कॅनॉलच्या टेलचं, म्हणजे पार शेवटाचं, शेत तिनं पाहिलेलं होतं, तेवढं तिला पुरलं. वरच्यांनी चार जागी दारं फोडली की टेलला चिखलसुद्धा पोचत नाही.

तिनं मोडेमपासून उलटं चालायला सुरुवात केली. वायर खिडकीतून बाहेर, तुळशीमागून भिंतीला, भिंतीवरून पत्र्याच्या डब्यापर्यंत. डबा बरोबर सामाईक भिंतीच्या मधोमध. त्याला दोन कुलपं.

“काका, ह्याला दोन कुलपं कामून?”

“एक माजं, एक त्याचं.”

‘त्याचं’ म्हणजे धाकटा भाऊ अंगद. पाच वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा भांडी, पलंग, बोअरच्या पाण्याचे तास, लिंबाच्या फांद्या, सगळं पंचांसमोर वाटून झालं. राहिली केबल. महारुद्रला बोलावणं गेलं. तो एका वायरीच्या तीन वायरी करणारा जोड घेऊन आला. थोरल्याला एक, धाकट्याला एक, म्हाताऱ्या आईला एक. जोडाच्या तीन तोंडांवर आकडे कोरलेले होते: सात, सात आणि साडेतीन.

दिनकररावांनी चष्मा लावून आकडे वाचले. “मी थोरला. सात माजं. दुसरं सात आईचं, आईला कमी द्यायची आपली रीत न्हाई. साडेतीन ह्याला.”

अंगद उठून उभा राहिला. पंचांनी खाली बसवला. धाकट्यानं थोडं सोडावंच लागतं, म्हणाले. महारुद्रनं तोंड उघडलं होतं, “काका, ते सात म्हंजी...” पण दिनकरराव म्हणाले, “महारुद्रा, तू आधी खांबावर चढून दाखव, मग पंचात बोल.” महारुद्र गप बसला तो बसलाच. जेवणात जिलबी होती.

हे सगळं शिवकन्याला आज, डब्यासमोर उभं राहून नवऱ्याला फोन लावल्यावर कळलं.

“पाच वर्सं तुमी मला सांगितलं न्हाई?”

“आगं, टीव्ही चालायला ना त्यायचा. म्हनलं कामून उकरायचं.”

“जिलबी किती खाल्ली होती?”

“लय न्हाई. सा-सात.”

तिनं फोन ठेवला आणि दिनकररावांना सरळ सांगितलं. हे आकडे मिळकतीचे नाहीत, गळतीचे आहेत. साताच्या तोंडात सात गळतात आणि उरलेलं पुढं जातं, साडेतीनच्या तोंडात साडेतीनच गळतात. टीव्हीनं तेवढं भागवून घेतलं. मोडेम नखऱ्याचं, त्याचं भागत नाही.

दिनकररावांनी भिंतीपलीकडं मान वळवली. “म्हंजी पाच वर्सं धाकटा जास्त खायलाय?”

“त्यायनी काय केलं? तुमीच वाढलं ना पंचात. आदलाबदल करू. तुमचं मोडेम लांब हाय, तुमाला साडेतीन पायजे. त्यायचं मोडेम डब्याखालीच हाय, सातावर बी आरामात चालतंय. चावी आना त्यायची.”

“मी त्याच्याशी बोलत न्हाई.”

“मग मी बोलते.”

भिंत छातीएवढी. माधवी रोज तिच्यावरून चुलतसासूकडून कढीपत्ता घेते. पण कामाला आलेल्या माणसानं रीतसर दारातून जावं म्हणून शिवकन्या रस्त्यानं वळसा घालून गेली. अंगदराव बाजेवर पडून मोबाईलवर कुस्ती बघत होते. एकदाही न अडकता.

“अंगदकाका, डब्याची चावी द्या. तुमचं तोंड सातावर घ्यायचंय, काकाचं साडेतीनवर.”

अंगदराव उठून बसले. “सात? मला?”

“व्हय. पन खरं सांगते, आदी ऐकून घ्या. सात म्हंजी जास्त न्हाई, कमी. सात गळतंय त्याच्यात. तुमाला फरक पडनार न्हाई, पन नंतर म्हनाल शिवकन्यानं फसवलं.”

अंगदरावांनी डोळे बारीक केले. “कुनी पाठवलं तुला? दाद्यानं? पाच वर्सं सात खाल्लं, आन आता द्यायची पाळी आली तवा सात कडू झालं व्हय?”

“काका, आवो, माज्या लेकराची शप्पत—”

“शप्पत राहू दे. चावी घे. सात म्हंजी सातच पायजे मला. तू टाळाटाळ केलीस तर मी पंच बोलावतो.”

आयुष्यात पहिल्यांदा शिवकन्यानं गिऱ्हाइकाला अख्खं खरं सांगितलं होतं, आणि काम झालं ते त्यानं विश्वास ठेवला नाही म्हणून.

दोन्ही कुलपं निघाली. वायरी सोडल्या, हिरवट झालेली एक पिन कापून नवी बसवली, तोंडं बदलली, पान्यानं आवळली. माधवी खिडकीतून ओरडली, “मायनस साडेसात! ताई, सगळे हिरवे दिवे लागले!”

भिंतीपलीकडून अंगदराव बायकोला हाका मारत होते, “बग, बग, कुस्ती कशी झकास दिसायलीय! सात शेवटी सात आसतंय!”

दिनकररावांनी ते ऐकलं. चेहरा उतरला.

“शिवकन्या, तो येवडा खूश कामून हाय?”

“येडे हायत म्हनून.”

“न्हाई न्हाई. त्येच्यात काई तरी हाय. सात परत माज्याकडं लाव.”

“काका! माधवीबाईचं बगा ना, मीटिंग चालू हाय, एकदा बी तुटली न्हाई.”

“तुटली न्हाई हे खरं. पन त्यो हसायलाय हे बी खरं.”

तेवढ्यात दोनाला पाच मिनिटं असताना फायबरवाला आला. टापटीप माणूस, गळ्यात ओळखपत्र. त्यानं फॉर्म पुढं केला. दिनकररावांनी पेनाचं टोपण काढलं. शिवकन्या हातात पाना घेऊन उभी. तिनं उघड्या डब्याकडं एकदा बघितलं.

ती म्हणाली, “करा सही, काका. माजं काय म्हननं न्हाई. फकस्त ते कुलूप घेऊन जावा तुमचं.”

“कामून?”

“तुमी केबल सोडली की तुमचा वाटा डब्यात ठेवून काय करू? जोड काढून टाकते. दोनाचा जोड लावते, एक आजीला, एक अंगदकाकाला. डबा त्यायचा, कुलूप त्यायचं. वरून येतंय ते समदं आजीचं आन त्यायचं.”

“माजं सुद्दा?”

“तुमी सोडलं ना.”

दिनकररावांनी पेन थांबवलं. फायबरवाला वेग किती मिळेल ते सांगत होता, शंभर, दोनशे, पाचशे. दिनकरराव त्याच्याकडं बघत नव्हते. ते भिंतीकडं बघत होते. पलीकडं अंगदराव कुणाला तरी फोनवर सांगत होते की न्याय उशिरा होतो, पण होतो.

“बाबा,” दिनकरराव फायबरवाल्याला म्हणाले, “वडिलोपार्जित लाईन हाय आमची. आशी सोडता येत न्हाई.”

“साहेब, केबल वडिलोपार्जित कशी असेल?”

“वाटनीच्या कागदावर हाय. पंचाच्या सह्या हायत. दाखवू?”

फायबरवाल्यानं फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला. गल्लीत अजून कुणाला हवंय का, विचारलं. समोरच्या ओट्यावर बसलेले रंगनाथराव मघापासून सगळं बघत होते. त्यांनी मान हलवली. “दिनकररावनं न्हाई घेतलं ना? मग आमाला काय येड लागलंय?”

शिवकन्यानं डबा लावला. दोन्ही कुलपं दोन्ही भावांनी आपापल्या हातानं घातली, एकमेकांकडं न बघता, आणि दोघांनीही ओढून पाहिली. माधवीनं खिडकीतून चहाचा कप पुढं केला. शिवकन्यानं तो उभ्या उभ्या, दोन घोटात संपवला.

फोन वाजला. महारुद्र. “आगं, मोंढ्याकडं सोयाबीनच्या ट्रॅक्टरनं वायर नेली. ट्रॅक्टरवाला वायर घेऊनच गेलाय म्हनं, अर्धा मैल.”

“तुमी त्याला धरून ठेवा, मी येते.”

“मी? त्याच्यासंगं तिगं हमाल हायत.”

“मग वायर धरून ठेवा,” ती म्हणाली. तिनं शिडी गाडीला सायकलच्या ट्यूबनं आवळली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि गल्लीच्या तोंडाशी आडव्या बसलेल्या म्हशीला शिवी हासडून वाट काढली.