शीतलच्या रांगेतला माझा पेशंट

"सिस्टर, तुमाला बघून मारुती पळाला बघा!" हमालांच्या टोळीचा मुकादम हसत म्हणाला. आमची नवी सिस्टर शीतल शेजारीच उभी होती. ती हसली नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आम्ही हेपॅटायटिस सी शोधत फिरतो. लिव्हर पोखरणारा विषाणू, रक्तातून पसरतो. अंगदुखीवर कुठेही, दुसऱ्याला वापरलेली सुई टोचून घेतली की धोका. बोटाच्या थेंबावर रॅपिड टेस्ट होते. पॉझिटिव्ह आली तर एवढंच कळतं, की विषाणू कधीतरी शिरला होता. आता आहे का, ते शिरेतल्या रक्ताच्या दुसऱ्या टेस्टवर ठरतं. नेमके तिथेच पेशंट गळतात.

मारुती माझा पेशंट. साताऱ्याकडचा. रॅपिड मी केली, चकरा मी मारल्या.

"ताई, मला काय झालंय? पोती उचलतोय की."

"लिव्हर आतून सडतं हो मारुतीभाऊ. जिवावर बेतेल."

"बघू," म्हणायचा आणि गायब.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "वंदनाताई, शीतलला पाठवू या का?" काल नोकरीला लागलेली पोरगी! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "पाठवा की," म्हटलं.

तिने मारुतीला नुसता फोन केला. मला कधी बोलला नाही ते तिला बोलला. "आमी समदे एका परातीत जेवतो. वंदनाताई मला एकट्यालाच बाजूला घेत्यात. उद्या माझं ताट येगळं केलं म्हंजी?" जेवणातून हे पसरत नाही. पण टोळीला कोण पटवणार?

शीतलने त्याला विचारून गाळ्यातच शुगरची तपासणी लावली. सगळी टोळी रांगेत, सगळ्यांचं रक्त शिरेतून. मारुतीची एक ट्यूब जास्त, कुणाच्या लक्षातही आलं नाही. इतकी साधी युक्ती! मला का सुचली नाही, म्हणून जेवण गोड लागेना.

मारुतीच्या रक्तात विषाणू सापडला. तीन महिने गोळ्या झाल्या. नंतर थांबून पुन्हा रक्त तपासलं. साफ!

परवा तो बायकोला टेस्टला घेऊन आला. मी सुई काढली. "शीतल सिस्टर न्हाईत? मग उद्या येतो," म्हणाला. बायकोही उठली.

उद्या म्हणणारे परत येत नाहीत. मी मुकाट शीतलला फोन लावून त्या बाईंच्या हातात दिला. काय बोलली कोण जाणे, बाई बसल्या. रक्त मीच काढलं.

पेशंट सुटता कामा नये, कुणाच्या का नावाने बसेना, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. जळायचं नाही कसं, ते कुणी शिकवत नाही.