मोठ्यांच्या मापाची बाटली

सिस्टरनी बाटलीतून थोडंसं औषध सिरिंजमध्ये ओढलं, माझ्या लेकीला टोचलं आणि जवळपास भरलेली बाटली पिवळ्या पिशवीत टाकली. चिमी रडायची थांबली. "आई, त्यांनी टाकलं!" घरी पानात घासभर भात उरला तरी मी तिला उठू देत नाही, तिला नवल वाटणारच.

"उघडलेली बाटली ठेवता येत नाही गं," सिस्टर म्हणाल्या. "आणि बाटल्या येतात त्या मोठ्या माणसांच्या मापाच्या."

मला ते मापच पटेना. लहान मुलांचे मोजे मिळतात, चपला मिळतात, रेनकोटसुद्धा मिळतात. मग औषधच तेवढं मोठ्यांचं का? आणि ती पिवळी पिशवी जाते कुठे? सिस्टर म्हणाल्या, भट्टीत. म्हणजे लेकराला बरं करणाऱ्या औषधाचा धूर होतो. तो धूर कुठे जात असेल? भट्टीजवळही कुणाची तरी लेकरं खिडकी उघडी टाकून झोपत असतीलच की.

शेजारच्या खाटेवरच्या सानिकाला तेच इंजेक्शन दुपारी असायचं. दुसऱ्या दिवशी सिस्टर औषधांच्या खोलीतून दोघींच्या सिरिंज एकदमच भरून घेऊन आल्या. "डॉक्टरांना विचारून दोघींची वेळ एक केली. एकाच बाटलीत भागलं."

दोघी एका सुरात रडल्या. मग नाक पुसत चिमीने विचारलं, "संपली बाटली?"

"नाही गं, थोडं उरलंच."

पंगतीत वाढायला उभी राहिल्यासारखी चिमीने वॉर्डभर नजर फिरवली. "अजून कुणाला हवंय?"