घंटा हवालदारांच्या हाती

सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार आमच्या शाळेत शिपाई म्हणून लागले. तास संपल्याची घंटा झाली की ते भिंतीलगत खाली बसत आणि डोकं हातांनी झाकून घेत.

सीमेवर त्यांच्या ट्रकखाली सुरुंग फुटला होता. शेजारचा जोडीदार गेला, हे वाचले. तेव्हापासून ते एकच म्हणत, "आपल्या हातात काही नसतं."

यावर त्यांच्या मेहुण्यांकडे औषध तयारच होतं. "दाजी, सगळं मनावर असतं. मन घट्ट करा." मेहुण्यांचं स्वतःचं मन इतकं घट्ट, की पाल दिसली तरी ते टेबलावर चढत. आम्ही शिक्षकही काही कमी नव्हतो. स्टाफरूममध्ये चहा पीत आम्ही त्यांना रोज फुकट धीर देत असू.

मुख्याध्यापिका बाईंनी मात्र सरळ हातोडी त्यांच्या हातात दिली. "उद्यापासून घंटा तुम्हीच वाजवायची."

पहिल्या दिवशी ते दहा मिनिटं आधीच घड्याळाखाली उभे राहिले. नजर मिनिटकाट्यावर होती. त्यांनी ठोका दिला आणि ते उभेच राहिले.

"भीती वाटली?" बाईंनी विचारलं.

"कधी वाजणार ते या वेळी मला ठाऊक होतं, बाई."

हवालदार पूर्ण बरे झाले, असं मेहुणे सगळीकडे सांगतात, अर्थात स्वतःच्या उपदेशामुळे. खरं म्हणजे दार आपटलं की हवालदार अजूनही दचकतात. पण आता ते नशिबाला बोल लावत नाहीत. बिजागरी सैल झाली आहे म्हणतात, आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला जातात.