पुसलेली चौथी खाच

माझं शेवटचं पोस्टिंग टॅम्पिनीस, सिंगापूर. ऑर्डर आर्मीची नव्हती, मुलीची होती. घोडदळात अठ्ठावीस वर्षं काढून रिसालदार म्हणून निवृत्त झालो, आता तिच्या फ्लॅटमध्ये राहतो. ०५३० ला उठणे. ०६०० ला वॉक. ०७०० ला हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊच्या टपऱ्यांवर, लिमबरोबर कॉफी. लिम इथल्या सैन्यातला निवृत्त सार्जंट. दोन रिकामे फौजी एका टेबलावर बसले की काहीतरी आगाऊपणा होतोच.

लिमने कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन मांडलं. परवानग्या, कपाटं, सगळं त्याने केलं. मानाची वस्तू एकच: रशियातल्या कोसॅक घोडेस्वाराची तलवार, शाश्का. सेरंगूनला पियानो शिकवणाऱ्या व्हेराच्या पणजोबांची.

"एकच अट," व्हेरा म्हणाली. "आहे तशीच ठेवायची. उद्या दहाला बाबा येतील. त्यांना दिसत नाही, ते ती हातात घेतात."

"चिंता नको, मॅडम. घोडदळ आहे."

हे वाक्य मी जेव्हा जेव्हा उच्चारलं, तेव्हा काहीतरी मोडलं आहे.

शाश्काला गार्ड, म्हणजे मुठीवरची बोटं वाचवणारी कडी, नसतो, अर्धी मूठ म्यानातच बुडते. शिवाय ती कमरेला धार वर करून लटकते, म्हणजे उपसताच वार. आमच्या तलवारीची धार खाली. मी अर्थातच धार खाली टांगली.

"ब्रदर, उलटी आहे lah," लिम इथल्या बोलीचं शेपूट लावून म्हणाला.

"तू पायदळ. तुला काय कळतं?"

"फोटो बघ."

"फोटो उलटा आहे."

पंधरा मिनिटांनी सुलटी केली. कोण चुकलं यावर चर्चा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ०८३० ला हॉलमध्ये मी एकटा. तलवार म्यानातून काढून पाहिली. पातं डोंगरातल्या कुणा लोहाराने हाताने ठोकून घडवलेलं, हातोडीच्या लाटा अजून दिसत होत्या. त्याला हात लावायचा नाही, एवढी अक्कल होती. पण मूठ! काळवंडलेलं पितळ, वर ओरखडे. अठ्ठावीस वर्षांत मी कळकट पितळ इन्स्पेक्शनला उभं केलेलं नाही. पिशवीत पितळ चमकवायची ब्रासो होतीच. ओरखडे ब्रासोने जाईनात, म्हणून लिमच्या टूलबॉक्समधून बारीक पॉलिश पेपर काढला. एक ओरखडा गेला. दुसऱ्याला हात घालणार, तोच वॉकी-टॉकी खरखरला.

"गेटवरून लिम. व्हीआयपी लवकर आले. ओव्हर."

"किती मिनिटं? ओव्हर."

"लिफ्टमध्ये आहेत lah. ओव्हर."

व्हेरा बाबांची व्हीलचेअर ढकलत आत आली. मी सलाम ठोकला, न दिसणाऱ्या माणसाला, आणि तलवार त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्याचा अंगठा मुठीवर फिरू लागला.

"ग्रिगोरी," तो म्हणाला. "मात्वेय. इव्हान."

अंगठा थांबला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे.

"त्या खाचा आहेत," व्हेरा हळूच म्हणाली. "पणजोबांच्या तुकडीतले, परत न आलेले. पाच जण. बाबांना ती नावं अंगठ्यानेच पाठ आहेत."

मी अटेन्शनमध्ये आलो. "चौथी खाच मी पुसली."

तिने भाषांतर केलं. म्हातारा एकच शब्द बोलला. त्याचं भाषांतर तिने केलं नाही. गरज नव्हती, माझ्या पहिल्या रायडिंग इन्स्ट्रक्टरचा सूर तोच होता.

लिम पुटपुटला, "कितीदा सांगितलं, हात लावू नको."

"कधी सांगितलंस?"

"आत्ता सांगतोय ना!"

म्हातारा पुन्हा बोलला. या वेळी व्हेराने सांगितलं, "ज्याने पुसली, त्याने करावी."

लिमने टूलबॉक्समधून कानस काढून दिली. म्हाताऱ्याने माझं बोट धरून जागा दाखवली. अंतर त्याला पाठ होतं. मी कानस चालवली. खाच वाकडी आली. माझ्या हातून आणखी कशी येणार?

त्याने अंगठा फिरवला. "स्तेपान," तो म्हणाला. मग व्हेरातर्फे, "आजोबा सांगायचे, तोही सरळ नव्हता." पाचवी खाच शाबूत होती. "फ्योदोर."

मग त्याने विचारलं, "तुझं कोण?"

दफेदार यासीन खान. माझ्याच ट्रूपचा, तेव्हा मीही दफेदारच. सरावात मी चुकीच्या वेळी टाच मारली, माझा घोडा त्याच्यावर गेला, त्याच्या तलवारीच्या गार्डला पोचा पडला. दुरुस्तीला द्यायला तो तयार नव्हता. "रहने दे, तेरी बेवकूफी की निशानी है." पुढे तो काश्मीरमध्ये दुसऱ्या युनिटबरोबर अटॅचमेंटवर गेला. कॉर्डनमध्ये, एक गाव घेरताना, सकाळी ०६४० ला तो कामी आला. महिन्याभराने इन्स्पेक्शन आलं. कोतमधल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, तलवारी माझ्या ताब्यात होत्या. मी तो पोचा ठोकून सरळ करून घेतला, वर पॉलिश. मग त्याची बायको आली. गार्डवरून हात फिरवून तिने विचारलं, "पोचा कुठे आहे? पत्रात लिहिलं होतं त्यांनी."

"इन्स्पेक्शन होतं," मी म्हणालो होतो.

हे सगळं व्हेराने सांगितलं की थोडक्यात आटोपलं, मला माहीत नाही. म्हाताऱ्याने नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. त्याने अंगठा पाचव्या खाचेच्या पुढे, मुठीवरच्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि घोकलं, "यासीन. यासीन. यासीन खान."