दोन ते चार

चंद्रभानने तो फोन घेतला, कारण त्याची बॅटरी हाताने निघत होती. सदर बाजारातल्या दुकानदाराने सहा फोन समोर मांडले. कॅमेरा किती मोठा, पडदा किती स्वच्छ, सगळे सांगितले. चंद्रभान प्रत्येक फोन उलटा करायचा आणि मागचे झाकण नखाने उचलून बघायचा. ज्याचे उचलले गेले, तो त्याने घेतला. बटणांचा, साधा. वर बॅटरी बाहेर काढून चार्ज करायचा चिमट्याचा चार्जर मागितला. आता तो कोणी घेत नाही, असे म्हणत दुकानदाराने मागच्या खोक्यातून एक शोधून, धूळ झाडून दिला.

मी सोबत होतो. माझ्याकडे सुनेने घेऊन दिलेला मोठा फोन होता. असाच घे, म्हणून मी त्याला सांगून पाहिले.

"जे उघडता येत नाही ते मी वापरत नाही, विश्वनाथ," तो म्हणाला.

बुटीबोरीच्या सूतगिरणीत आम्ही एकतीस वर्षे सोबत काढली. तो फिटर, मी ऑइलर. तो मशीन दुरुस्त करायचा, मी तिला तेल द्यायचो. त्याचा एक नियम होता. मशीन उघडण्याआधी तो बोर्डावरचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा. नुसते बटण बंद केलेले त्याला चालत नसे, कारण बटण कोणीही दाबू शकतो. रुपराव नावाच्या फिटरने एकदा घाईत फ्यूज तसाच ठेवला. पलीकडून कोणीतरी बटण दाबले आणि रुपरावची तीन बोटे गेली. चंद्रभान निवृत्त झाला तेव्हा त्याची दहाही बोटे जागेवर होती. आमच्या खात्यात हे फार थोड्यांना सांगता येत होते.

काम सुटले तरी नियम सुटला नाही. पंखा, मिक्सर, टीव्ही, काहीही पुसायचे झाले तरी आधी पिन काढायची. फोन चार्ज करणे म्हणजे त्याच्या हिशेबी मशीन उघडणेच होते. रोज दुपारी दोनला तो फोन बंद करायचा, बॅटरी काढून चिमट्यात लावायचा आणि रिकामा फोन फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायचा. चारला बॅटरी परत आत. दोन वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नाही.

त्याची बायको प्रेमलता यावर हसायची. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी, धंतोलीच्या एका दवाखान्यात चार-चार तास डायलिसिस. चंद्रभान पूर्ण वेळ मशीनशेजारी उभा असायचा. पंप कसा फिरतो, नळी कुठून कुठे जाते, सगळे त्याने तिथल्या माणसाला विचारून घेतले होते. एकाचे झाले की दुसऱ्याला लावण्याआधी मशीन धुतात, हे त्याला पसंत होते.

"फोनले रोज दोन घंटे आराम," प्रेमलता मला म्हणाली होती, "अन् मले चार घंटे मशीनवर. भाऊजी, मी फोन असती तं बरं झालं असतं."

त्यांना मूलबाळ नाही. चंद्रभानने स्वतःची किडनी द्यायची तयारी केली, पण त्याला साखर निघाली. मग तिचे नाव यादीत लावले. कोणाचा मेंदू मृत झाला आणि घरच्यांनी होकार दिला, तर ती किडनी यादीतल्या माणसाला मिळते. दवाखान्यात हे काम पाहणारी प्रीती नावाची मुलगी होती. तिने दोघांना समोर बसवून समजावले. फोन केव्हाही येईल. अर्ध्या तासात हो म्हणायचे आणि निघायचे. हो आले नाही तर पुढचे नाव. म्हणून दोन नंबर द्या, दोन्ही चालू पाहिजेत.

पहिला नंबर चंद्रभानचा. दुसरा माझा. आमची घरे रामेश्वरीला, दोन गल्ल्यांच्या अंतरावर.

तो माझ्या घरी आला आणि गिरणीत पाळी सोपवतात तसे त्याने मला सांगितले. बावीस तास त्याचे, दोन ते चार माझे. त्या वेळात दवाखान्याचा फोन आला तर मी हो म्हणायचे आणि पळत येऊन त्याला उठवायचे. प्रीतीचा नंबर त्याने चिठ्ठीवर लिहून आणला होता. अक्षर मोठे, आकडे सुटे.

"जमन न?" त्याने विचारले.

मी म्हटले, यात काय मोठे. चिठ्ठी घेतली आणि टीव्हीखाली ठेवली.

नंबर फोनमध्ये नावाने टाकायला अर्धे मिनिट लागते. मी तो टाकला नाही. आज टाकू, उद्या टाकू. चिठ्ठी टीव्हीखालीच राहिली.

पुढे दिवाळीनंतर मला एक फोन आला. बँकेतून बोलतो म्हणत होता आणि आकडे विचारत होता. मी अर्धे आकडे सांगूनही टाकले होते, तेवढ्यात सून चिन्मयीने फोन ओढून घेतला. मग तिने त्यात काहीतरी बसवले. ज्याचे नाव फोनमध्ये नाही, त्याचा फोन आता वाजणारच नव्हता. मला ते फार आवडले. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, सगळे थांबले. दुपारी जेवण झाले की गाढ झोप लागू लागली. चार लोकांना मी ती सोय कौतुकाने सांगितली. चंद्रभानलाही सांगितली. तो म्हणाला, बरं केलं. त्याला वाटले, मी दवाखान्याचा नंबर केव्हाच टाकला असेल. एकदा घेतलेले काम माणूस करतो, असे तो धरून चालायचा.

जूनमध्ये एका शनिवारी मी साडेचारला उठलो. फोनवर एकाच अनोळखी नंबरचे तीन फोन दिसले. दोन सतरा, दोन एकवीस, दोन चौतीस. कर्जवाले असतील म्हणून मी फोन ठेवला आणि चहा घेतला.

सोमवारी दुपारी धंतोलीहून परतताना चंद्रभान सरळ माझ्याकडे आला. प्रेमलताला त्याने घरी सोडले होते. तो आत आला नाही, ओट्यावरच बसला. शनिवारी किडनी आली होती. यादीत प्रेमलताचे नाव वर होते, रक्तगट जुळत होता. दवाखान्याने आधी त्याला फोन लावला, तो बंद. तीनपर्यंत वाट पाहून पुढच्या माणसाला लावला. वर्ध्याचा कोणी होता. त्याचे ऑपरेशन झाले.

चंद्रभानच्या फोनवर याची काहीच खूण नव्हती. बॅटरी बाहेर होती.

"तुले आला होता का गा?" त्याने विचारले.

"वाजला नाही," मी म्हणालो.

ते खरे होते. फोन वाजला नव्हता. त्याने मान हलवली आणि उठला.

त्या रात्री मी चिठ्ठी काढून आकडे ताडून पाहिले. तोच नंबर होता. मी तो नावाने टाकला आणि सुनेला सांगून ती सोय काढायला लावली. आता सगळे फोन वाजू लागले, कर्जाचेसुद्धा. मी प्रत्येक उचलला.

दुसऱ्याच दिवशी चंद्रभानने सदरला जाऊन तसलीच आणखी एक बॅटरी आणली. दोन तास फोन बंद ठेवणे संपले. भरलेली घालायची, संपलेली काढायची. झाकण उघडण्यापासून फोन पुन्हा सुरू होईपर्यंत चाळीस सेकंद लागत. त्याने घड्याळ लावून मोजले होते. त्या चाळीस सेकंदांचाही त्याला भरवसा राहिला नव्हता. रोज दोनला तो मला फोन करायचा.

"बॅटरी बदलून राहिलो."

मी फोन हातात धरून बसायचो. मिनिटभराने परत फोन यायचा.

"झाली."

एवढेच. तब्येत नाही, पाणीपाऊस नाही. प्रेमलता आता आठवड्यातून तीनदा जात होती. चेहरा सुजला होता, दहा पावलांत दम लागत होता. एकदा मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तुमालेही डायलिसिस लागलं. रोज दोनचं." मी हसलो. चंद्रभान हसला नाही.

आठ महिने असेच गेले. दवाखान्याचा फोन ना त्याला आला, ना मला. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती मशीनवरच गेली. पंप चालू होता. तो बंद करायला माणूस आला तेव्हा चंद्रभानने त्याला बाजूला केले आणि बटण स्वतः दाबले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दोनला माझा फोन वाजला.

"बॅटरी काढून राहिलो."

मी फोन हातात धरून बसलो. एक मिनिट, पाच मिनिटे, पंधरा. मी लावून पाहिला. बंद. तसाच चपला घालून त्याच्या घरी गेलो.

तो पलंगावर बसला होता. फोन फळीवर, झाकण उघडे, मध्ये चौकोनी खड्डा. बॅटरी शर्टाच्या खिशातून दिसत होती.

वाटेतच मी ठरवले होते. उभ्यानेच सांगितले. दोन सतरा, दोन एकवीस, दोन चौतीस. चिठ्ठी, टीव्ही, सुनेने बसवलेली सोय, शनिवारची झोप. सांगायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. आठ महिने मी ती दोन मिनिटे काढली नव्हती.

"मालूम आहे," तो म्हणाला. "प्रीतीनं त्याच सोमवारी सांगतलं. तुले तीनदा लावला म्हणून."

मी विचारले, "अन् तरी रोज मलेच फोन करत होता? काहून गा?"



"दुसरा नंबर कोणाचा देऊ?" तो म्हणाला. "दुसरा कोण होता?"

प्रेमलताला त्याने ते सांगितले नव्हते. ती जाईपर्यंत मला चहा देत राहिली.

मी म्हटले, फोन चालू ठेव, एकटा राहतोस, काही झाले तर. त्याने खिशावर हात ठेवला, जसा मशीन उघडताना ठेवायचा. मग उठून फळीवरचा फोन फडक्यात गुंडाळला.

या गोष्टीला दोन महिने झाले. त्याचा नंबर बंदच आहे. मी रोज दोनला लावून पाहतो, आणि चारपर्यंत झोपत नाही.